पाचवी ओटी

॥ श्री ॥

उम्म अल कुवैन,
८ फेब्रुवारी २००९

तीर्थस्वरूप गं. भा. अनुपमावहिनी यांस,
धाकटी जाऊ छाया हिचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वैभवीबरोबर पाठवते आहे. ती आमच्या शेजारची, माहेर रत्नागिरीचं. तिच्या नवऱ्याचा व्हिसा कॅन्सल झाला, परवा निघतात. पूर्वी देशात जाणारं कोणी शोधायचं म्हणजे दहा ठिकाणी विचारावं लागे. आता दर आठवड्याला कोणीतरी कायमचं निघतंच, त्यामुळे पोस्टाची तिकिटं लागत नाहीत. या मंदीत झालेली बचत म्हणाल तर एवढीच.

तुम्हाला कळवायचं राहिलं. दुबईची करामातली जागा आम्ही दिवाळीच्या आधीच सोडली. बाजार, बस सगळं दाराशी होतं, पण भाड्यातच निम्मा पगार जायचा. आता कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. तुमचे गुणवंतभावजी ज्या सिमेंटच्या ब्लॉकच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात, तो शहरापासून लांब, वाळूत आहे. त्याच्या मागे आमची घरांची ओळ.

वस्ती म्हणाल तर आपल्या वाडीएवढीच. अरबांच्या खजुराच्या बागा, त्यांचे उंट, एक मशीद, एक दवाखाना आणि जहूर नावाच्या पेशावरच्या पठाणाचं किराणा दुकान. बागांना पाणी फिरवणारे सगळे बंगाली, टँकर चालवणारे पाकिस्तानी. आमच्या ओळीत केरळ, आंध्र, राजस्थान आणि दोन घरं मराठी. मालक तेवढे इथले, बाकी कोणीच इथलं नाही. आम्ही आलो तेव्हा एकही घर रिकामं नव्हतं. मागच्या अंगणात दोऱ्यांवर साड्या, परकर, मुलांचे गणवेश वाळत असायचे. आता सकाळी उठून मी आधी दोऱ्या बघते. एक दोरी रिकामी दिसली की समजायचं, एक बिऱ्हाड हललं. मग त्याच दोरीवर लुंग्या येतात, कारण बायकापोरं गेली की कंपनी त्या घरात सहा-सात पुरुष घालते.

यांचा पगार कापला आहे. साडेचार हजार दिरहम होता तो तीन हजारांवर आला, म्हणजे आपले चाळीसेक हजार. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण शाळेची फी आणि व्हॅन त्यातूनच. हे म्हणतात, असंच चाललं तर तुला आणि सृष्टीला गावी ठेवतो आणि मी अजमानला बेड-स्पेस घेतो. बेड-स्पेस म्हणजे खोली नाही वहिनी, परक्यांच्या खोलीत एक कॉट. बायको परत गेली की इथे नवऱ्याला बॅचलर म्हणतात. पंधरा वर्षं संसार केलेला माणूस बॅचलर.

म्हणून मी नवस बोलले आहे. येत्या संक्रांतीपर्यंत आम्हा तिघांना एका छपराखाली ठेव, पाच सवाष्णींच्या ओट्या भरीन. तुम्ही माझ्या नावाने ग्रामदेवीपुढे नारळ ठेवून गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्या. माझं मन तेवढ्यावर टिकेल.

सासूबाईंना नमस्कार. माझी आठवण काढत जा, त्याचाच इथे आधार वाटतो.

तुमची
छाया

---

॥ श्री ॥

वरची वाडी, ता. राजापूर,
२२ मार्च २००९

चि. सौ. छाया हिस, अनुपमाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वैभवीच्या भावाने आणून दिलं. चहा घेतला नाही, कारण त्याला पुढे आणखी चार घरी पत्रं द्यायची होती. वैभवी पोस्टमन होऊनच आलेली दिसते.

गाऱ्हाणं घातलं. नारळ आपल्याच झाडाचा, मीच उतरवून घेतला, मीच सोलला आणि गुरवाच्या हातात दिला. गुरवाला उम्म अल कुवैन काही म्हणता येईना. दोनदा अडखळला आणि शेवटी देवीला म्हणाला की समुद्रापलीकडे वाळूत तुझी जी लेकरं आहेत त्यांना एकत्र ठेव. देवीला पत्ता कळला असेल असं धरून चालू.

आपल्या वाडीचं काय सांगू. तुझ्या दोऱ्या तशी आमची कुलपं. खालच्या आळीतली निम्मी घरं बंद आहेत. तुमच्या तिकडून मिथुन परत आला, त्याच्यामागून आणखी तिघे. दिवसभर रस्त्याकडेच्या मोरीवर बसून मोबाईलकडे बघत असतात, कंपनी बोलावेल म्हणून. बँकेत सोमवारी गर्दी असायची, गल्फचे पैसे आले का विचारायला. आता कॅशियर आम्हाला नावानिशी हाक मारतो, एवढा त्याला वेळ आहे. आंब्याच्या बागा राखायला मात्र नेपाळी बिऱ्हाडं आली आहेत. शाळेच्या पटावर आपली मुलं कमी आणि त्यांची जास्त. ती नसती तर मास्तरांची बदली ठरलेलीच होती. सासूबाई म्हणतात, त्या नेपाळ्याची पोर आपल्या सृष्टीपेक्षा चांगलं मराठी बोलते. मी ते कानाआड केलं. तूही मनाला लावून घेऊ नकोस.

देवळात त्या दिवशी बायका होत्या. गुरवीण हळदीकुंकवाची कोयरी घेऊन सगळ्यांमधून फिरली. तेवढा वेळ मी सगळ्यांच्या पिशव्या धरते. हे गेल्यापासूनचं माझं ते काम. आता पिशवी हाताला लागली की न बघता सांगते, कुणाची.

गुणवंतभावजींना म्हणावं, घरी यायचंच झालं तर मागची खोली आहे. पण आधी नवसाला वेळ द्या. इथे आम्ही ठीक आहोत, तुम्ही धीराने राहा आणि चार ओळी लिहीत जा.

अनुपमा

---

॥ श्री ॥

उम्म अल कुवैन,
२८ जानेवारी २०१०

तीर्थस्वरूप गं. भा. वहिनी यांस,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

फार दिवसांनी लिहिते. लिहावं असं काही घडत नव्हतं, आता घडलं आहे ते लिहवत नाही. हे पत्र आंध्रच्या पद्माबरोबर हैदराबादपर्यंत येईल, तिथे ती पेटीत टाकेल. ती गेली की ओळीत बायकांची दोनच घरं उरतील. मराठी बोलायला यांच्याशिवाय कोणी नाही. सृष्टीशी मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींनाही वाटतं की आपलं बोलणं झालं.

देवीने संक्रांतीपर्यंत ठेवलं. मग नवस फेडायचा होता. करामात असताना संक्रांतीला जिन्यावर चपला ठेवायला जागा नसायची. निम्म्या बायकांची नावंही मला ठाऊक नव्हती. या वेळी पाच जणी जमवताना माझी दमछाक झाली. पद्मा एक, राजस्थानी सुताराची बायको दोन, दवाखान्यातली केरळची नर्स तीन. चौथी अरबाच्या घरी स्वयंपाकाला असलेली श्रीलंकेची बाई. तिचा नवरा तिकडे गावी, दहा वर्षांत दोनदा भेटला आहे, पण आहे. पाचवीवर अडलं.

जहूरच्या घरात बानू असते. अंगण एक, चूल एक, त्यामुळे ती त्याची बायको हे मी धरूनच चालले होते. परक्या माणसाच्या घरात डोकावून कोण विचारतं. दोन दिवस मनाशी घोळवलं आणि ठरवलं, धर्म कोणताही असो, सवाष्ण ती सवाष्ण. हळदीकुंकू म्हटलं तर यायची नाही म्हणून हिंदीत एवढंच सांगितलं की आमचा तिळाचा सण आहे, बायका जमतात.

शुक्रवारी सगळ्या आल्या. पाच जणींच्या पाच भाषा, पण तिळाचा लाडू कडक झाला यावर एकमत. बानूने कपाळाला कुंकू लावून घेतलं नाही, मनगटावर हळद मात्र हसत लावून घेतली. त्यांच्याकडेही लग्नात हळद लावतात म्हणाली. ओटी ओढणीत घेतली. वाण म्हणून मी काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. त्या हातात धरून ती नुसती बसून राहिली. माप चुकलं का विचारलं तर मान हलवली. मग मीच तिच्या हातात चढवल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं वहिनी.

मंगळवारी नोटीस लागली. कारखाना मार्चअखेर खलास. यांना अजमानच्या एका गोदामात काम मिळतंय, पण निम्म्या पगारावर आणि फॅमिली व्हिसाशिवाय. म्हणजे मी आणि सृष्टी परत, आणि यांना कॉट.

बुधवारी डाळ आणायला गेले तर जहूरने पैसे घेतले नाहीत. म्हणाला की आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून माझ्या बहिणीने हातात काच घातली नव्हती, तुमच्या हाताने घातली, अल्ला तुम्हाला सुखी ठेवो. मी तिथेच गोणीवर बसले.

बहीण आहे ती त्याची. विधवा. म्हणजे सवाष्णी चारच झाल्या आणि नवस अपुरा राहिला. पाचव्या दिवशी नोटीस आली ती उगीच का? मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही गुरवाला विचारा, क्षमेचं गाऱ्हाणं घालता येईल का, परत पाच बसवाव्या लागतील का. सासूबाईंच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका, माझी धडगत राहणार नाही. त्या बांगड्या बानूच्या हातात रोज दिसतात. परत मागता येत नाहीत आणि बघवतही नाहीत.

यांना यातलं सांगितलेलं नाही. ते आधीच थकले आहेत. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे, रागावलात तरी लिहा.

तुमची
छाया

---

॥ श्री ॥

वरची वाडी,
१९ फेब्रुवारी २०१०

चि. सौ. छाया हिस, अनुपमाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं, म्हणजे सासूबाईंच्या हाती लागायचं नाही.

गुरवाकडे मी गेले नाही, जाणारही नाही. सांगते का ते. विधवेमुळे नवस बिघडला का, हे तू विचारलंस ते मला. वर माझ्या नावाच्या आधी गं. भा. लिहून, खाली हा प्रश्न. मला राग आला असं समजू नकोस. राग यायलाही जोर लागतो, आणि मी सकाळपासून आंब्याला पाणी घालते आहे. हसू आलं थोडं.

अगं, तुझ्या नवसाचा नारळ कोणी सोलला? कोणाच्या हातून गुरवाकडे गेला? बिघडायचा असता तर तो इथेच, वरच्या वाडीत बिघडला असता. त्यासाठी त्या बिचाऱ्या पठाणिणीला समुद्रापलीकडे वाट बघत बसायची गरज नव्हती.

आणि दुसरं. तू मागितलंस काय? संक्रांतीपर्यंत ठेव. देवीने संक्रांतीपर्यंत ठेवलं. दिवाळीपर्यंत नाही, नाताळापर्यंत नाही, तू म्हणालीस तिथपर्यंत. साबण कापून वापरतेस, चहापत्ती दोनदा उकळतेस, तशी देवीकडे मागतानाही काटकसर केलीस. त्यात बानूचं काय चुकलं?

तिच्या हातात आठ वर्षांनी बांगड्या आल्या. ती बांगड्या धरून का बसून राहिली, ते मला ठाऊक आहे. तुला ठाऊक नसावं हेच बरं.

मागची खोली सारवून घेतली. नेपाळ्याच्या बायकोने मदत केली. सिर्जना तिचं नाव, सगळे तिला गुरख्याची बायको म्हणतात. शाळेत मास्तरांना सृष्टीचं सांगून ठेवलं, पटावर एक नाव वाढतंय म्हणून त्यांनी मलाच पेढा दिला. भावजींचं मन मोडेल असं काही बोलू नकोस. पोहोचवायला तेच येतील ना? नसतील येणार तर रत्नागिरीच्या स्टँडवर मी येते. सांभाळून या.

अनुपमा

---

॥ श्री ॥

उम्म अल कुवैन,
२५ मार्च २०१०

तीर्थस्वरूप अनुपमावहिनींना,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

मायना लिहिताना आज हात थांबला. तुमचं नाव एवढंच पुरे आहे.

आम्ही दोघी तीन तारखेला निघतो. हे येऊ शकत नाहीत, नव्या कामावर रजा नाही. सृष्टी यांच्याशी बोलत नाही. बाबांच्या त्या सहा माणसांच्या खोलीत मला का राहता येत नाही, मी फार जागा घेणार नाही, असं इंग्रजीतून विचारून झालं.

सामान विकायला काढलं तर घ्यायला कोणी नाही. सगळेच विकताहेत. फ्रिज जहूरने ठेवून घेतला आणि किमतीवर यांच्याशी भांडला. हे कमी सांगत होते आणि तो जास्त देत होता.

काल बानूकडे जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं, सवाष्ण म्हणजे काय तेही सांगितलं. ती पीठ मळत होती, मळायची थांबली नाही. म्हणाली की तुम्ही काहीतरी मोजता आहात हे माझ्या लक्षात आलं होतं, सारख्या दाराकडे बघत होतात. मग तिने विचारलं की आता सांगा, मी पाचवी होते की नव्हते.

मी म्हटलं, होतीस.

स्टँडवर या. उतरल्यावर पहिला चेहरा तुमचा दिसू दे, बाकी भेटीत.

छाया

---

॥ श्री ॥

वरची वाडी,
२० जानेवारी २०११

सृष्टीच्या बाबांना,
छायाचा सा. न. वि. वि.

सुटीवर राजस्थानला गेलेल्या सुताराने तुमचं पत्र तिथून टपालात टाकलं, ते मिळालं. खोलीत आता आठ जण झालात आणि तुमची कॉट खिडकीजवळची आहे, हे वाचून सृष्टीने खिडकीतून काय दिसतं ते विचारायला सांगितलं आहे. तिने मराठीत विचारलं. इथे शाळेत सिर्जनाची मुलगी तिच्या बाकावर बसते, दोघी मिळून मास्तरांना हैराण करतात. फोनवर ती अजून फक्त यस आणि नो म्हणते, ते तुमच्यावरच्या रागाचं आहे, भाषेचं नाही.

तुम्ही शुक्रवारी वस्तीवर जाऊन आलात ते बरं केलंत. दवाखाना बंद, आमच्या ओळीत सगळे बंगाली कामगार, आणि मागच्या दोऱ्यांवर नुसत्या लुंग्या आणि निळे डगले, असं लिहिलंत. एकाच दोरीवर एक ओढणी होती हेही लिहिलंत. ती बानूची. अरबांची घरं सोडली तर आता तेवढीच एक बाई तिथे. आणि बांगड्यांतली एक फुटली म्हणून तिने तुमच्याकडे तशीच मागितली, तर हिरवी घ्या, अडीच इंची, करामात मिळेल. भाव करा.

इकडचं सांगायचं तर वाडी तशीच. मिथुन वाट बघून कंटाळला आणि मुंबईला वॉचमन लागला. तुम्ही पाठवता त्यात भागतं. मी अंगणात वाल लावला आहे.

परवा हळदीकुंकू केलं. आधी वहिनींशी बोलले नव्हते, बोलले असते तर त्यांनी नको म्हटलं असतं. बायका जमल्या, मी कोयरी घेतली आणि वहिनी सवयीने सगळ्यांच्या पिशव्या गोळा करू लागल्या. मी त्यांच्या हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि पहिलं बोट त्यांच्याच कपाळाला लावलं. वहिनी पिशव्या उचलायला परत वाकल्या, मग उगीच तिथलीच सतरंजी सरळ करत राहिल्या. खालच्या आळीतल्या दोघी उठून गेल्या. त्यांच्या मागून आणखी तिघी. वाणाची सुपं त्यामुळे उरलीच, इकडची स्वस्त तेवढं बरं.

मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तर डोळे न उघडताच त्यांनी मनगट पुढे केलं आणि विचारलं की हळद संपली का, का मला मुद्दाम वगळलंस. मामंजी जाऊन एकतीस वर्षं झाली. मी त्यांच्या मनगटाला हळद लावली. वर म्हणाल्या, लावतेस तर नीट लाव, तांबूस दिसते आहे, भेसळीची आणली असशील.

तेव्हा वहिनी, सासूबाई, सिर्जना आणि गुरवीण. गुरवीण जाता जाता थांबली, पिशवी घेतली, परत ठेवली आणि बसली. चौघींच्या ओट्या भरल्या. हा नवस नव्हता. या वेळी मी देवीकडे काही मागितलं नाही. मागायचं तर मुदत काय सांगायची, तेच मला कळत नाही.

पाचवी ओटी बानूची. तांदूळ, नारळ, खण आणि वहिनींनी घातलेली चार आमसुलं, अशी बांधून देवापुढे ठेवली आहे. गेल्या वर्षापर्यंत इथून तिकडे जाणारं कोणी ना कोणी असायचं. आता तीन गावं विचारली, एकही नाही. हे पत्रसुद्धा तिकीट लावून पाठवते आहे. नारळ टिकतो, पण किती दिवस ते सांगता येत नाही. सासूबाई रोज हलवून बघतात, आत पाणी वाजतं का.

तेव्हा ती न्यायला तुम्हीच या.

अंगावर पांघरूण घेत जा, जेवण टाळू नका, आणि या घरावरचं लक्ष काढू नका.

तुमची
छाया